निसर्ग सावरतोच की!

परवा दादा मालवणला स्नॉर्केलिंग करून आला. फोनवर बोलताना मी म्हटलं, समुद्र तापल्यामुळे जगभर प्रवाळ पांढरे पडून मरतायत रे. तर म्हणे, "अगं, कोट्यवधी वर्षांत असं कितीदा झालं असेल! निसर्ग सावरतोच की." हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. वर भूगर्भशास्त्राचा दाखला देतात, त्याचा मला जास्त राग येतो.

बरं, बघूया भूगर्भात काय आहे ते. कॅनडात एडमंटनजवळ लेड्यूक नावाचं गाव आहे. १३ फेब्रुवारी १९४७ ला तिथे तेल लागलं आणि अख्ख्या अल्बर्टा प्रांताचं नशीब पालटलं. काही महिन्यांतच त्याच भागात आणखी खाली, दीड किलोमीटरहून खोल, डेव्होनियन काळातली गाडली गेलेली रीफ सापडली. आज जिथे शेतं आहेत तिथे तेव्हा उबदार, उथळ समुद्र होता. ती रीफ बांधली होती मुख्यतः स्ट्रोमॅटोपोरॉइड्सनी, म्हणजे स्पंजांच्या भाऊबंदांनी. (रीफ म्हणजे प्रवाळच असं काही नाही.) तेल त्यांच्यापासून झालेलं नाही हं. ते शेजारच्या गाळाच्या खडकात तयार झालं आणि रीफच्या पोकळ्यांत येऊन साठलं.

आता "सावरतोच"चं बघा. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रावर अरिष्ट आलं आणि हे गवंडी जवळजवळ संपले. तशा भव्य रीफ पुन्हा उभ्या राहायला कित्येक कोटी वर्षं गेली. पुढे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटी, तेव्हाचे प्रवाळ साफ नामशेष झाले. आजच्या प्रवाळांचे पूर्वज खडकांत दिसू लागतात ते त्यानंतर जवळपास एक कोटी वर्षांनी, आणि तेही वेगळेच प्रवाळ. मग सावरलं कोण? घर पडलं, माणसं गेली, कालांतराने त्या जागेवर दुसऱ्याच कुणी घर बांधलं, याला सावरणं म्हणायचं?

एक कोटी वर्षं! आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची.

आणि त्या मेलेल्या रीफमधलं तेल जाळून आपण जिवंत रीफ तापवतोय. जागतिक ब्लीचिंग पहिल्यांदा झालं १९९८ मध्ये, चौथं जाहीर झालं एप्रिल २०२४ मध्ये. चारही आपल्या देखत.

दादा ब्लॉग वाचतो, मला माहीत आहे. तेव्हा दादा, पुढच्या वेळी "सावरतो" म्हणताना किती वर्षांत तेही सांग. लेकीला पोहता यायला लागलं की मालवणला नेणार आहेस ना?