आणि नंतर?

बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात सगळ्या विषयांवर बोलणं होतं. सासू, सोन्याचा भाव, पाणीकपात, गुडघेदुखी. नवरा-बायकोच्या रात्रीच्या गोष्टीही निघतात, नाही असं नाही, पण हसण्यावारी. कुणाच्या मानेवरचा वळ दिसला की शेजारची कोपराने ढोसते, ती ओढणी सारखी करते आणि अंबरनाथ यायच्या आत विषय बदललेला असतो.

तो वळ कसा आला, हा त्या दोघांचा प्रश्न. मला विचारायचंय ते पुढचं. वळ उठला, त्यानंतर काय झालं? त्याने विचारपूस केली, की कूस बदलून घोरायला लागला?

काही जोडप्यांना शरीरसुखात जरा जोर आवडतो. चावणं, नखं, चापट, हात बांधणं, एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने पाळायचा असा खेळ. याला आता ‘किंक’ म्हणतात. दोघांना मनापासून आवडत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, आणि एकीला आवडत नसेल तर त्यात समजून घेण्यासारखंही काही नाही. मोठ्या शहरांतून अशी आवड असणारी माणसं एकमेकांना भेटतात, आपसात नियम ठरवतात. ‘किंकी कलेक्टिव्ह’सारखा गट त्याविषयी उघडपणे बोलतो. त्यांच्या नियमांत तीन गोष्टी पक्क्या: आधी विचारायचं, मध्ये ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, आणि नंतर जोडीदाराला सांभाळायचं. या तिसऱ्या गोष्टीला ते ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. उल्हासनगर-बदलापूरच्या बाईपर्यंत मात्र हा सगळा प्रकार बहुतेक वेळा नवऱ्याच्या मोबाइलमधून येतो. आणि मोबाइलवरच्या त्या फितींत नंतरचं काही दाखवत नाहीत हो! खेळ संपला की फीत संपते.

नंतरचं का महत्त्वाचं? अशा वेळी शरीर ताणाखाली असतं. छाती धडधडते, वेदना बोथट करणारी द्रव्यं रक्तात उतरतात. खेळ थांबला की हे सगळं खाली येतं. मग थंडी वाजते, हातपाय कापतात, कारण नसताना रडू येतं. कधी कधी हे एक-दोन दिवसांनी येतं. पोळ्या लाटता लाटता डोळे भरून येतात आणि आपल्याला वाटतं, मला झालंय तरी काय! काही झालेलं नसतं. अंगावर पांघरूण, प्यायला पाणी, काहीतरी गोड, बांधलं असेल तर मनगटं चोळून बोटांना मुंग्या नाहीत ना हे पाहणं, आणि जवळ घेऊन दोन शब्द, एवढं मिळालं तर बहुधा मन ठिकाणावर येतं. ज्याने हात उगारला त्यालाही पुष्कळदा अपराधी वाटतं. त्यालाही ‘मी ठीक आहे’ हे ऐकायचं असतं.

हे परदेशी फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना वात्स्यायन दाखवावा. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या ‘कामसूत्रा’त नखांवर, दातांवर आणि चापट्यांवर वेगवेगळे अध्याय आहेत. त्याच्याच जोडीला रतिक्रीडेचा आरंभ आणि शेवट कसा असावा यावरही एक अध्याय आहे. पुरुषाने स्वतः तिच्या अंगाला चंदन लावावं, डाव्या हाताने जवळ घेऊन पाणी पाजावं, काही गोडधोड, आंबा, सरबत द्यावं. मग गच्चीवर चांदण्यात तिला मांडीवर घेऊन अरुंधती, ध्रुव, सप्तर्षी दाखवावेत. (आमच्याकडे गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते, हा भाग वेगळा.) याच ग्रंथात धोक्याचे दाखलेही आहेत. आपल्याच दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहन घराण्यातल्या एका राजाच्या अशा प्रहाराने त्याची राणी मलयवती दगावली, असं वात्स्यायन नाव घेऊन सांगतो आणि असल्या क्रूरपणाला स्पष्ट नावं ठेवतो.

आता आपली घरं बघा. वन रूम किचन, बाहेर सासू-सासरे, मध्ये पडदा. पहाटे पाणी भरायचं, मग त्याची लोकल. चांदणं राहू द्या, मोकळेपणाने रडायलाही जागा नाही. पण पेलाभर पाणी उशाशी ठेवता येतं, गुळाचा खडा ठेवता येतो, आणि हात हातात धरायला वेगळी खोली लागत नाही. बोलायचं असेल तर दिवसा बोलावं, बाजारात जाता-येता. ‘परवाचं मला आवडलं, ते दुसरं नको.’ अंधारात अडणारं वाक्य भाजीच्या पिशव्या हातात असताना सहज निघतं.

इथे एक गल्लत मात्र होऊ देऊ नका. रात्री मारायचं आणि सकाळी गजरा आणायचा, रडून माफी मागायची, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. ही आफ्टरकेअर नव्हे. तिथे आधी कुणी विचारलेलं नसतं आणि ‘नको’ला किंमत नसते. वळ दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून फरक आधीच्या प्रश्नात शोधायचा. तिच्या ‘थांब’ने तो थांबतो का? थांबत नसेल तर नंतरचं चंदन काय कामाचं?

आणि गळा. मोबाइलमुळे गळा दाबण्याचं खूळ आलंय, त्याला साफ नाही म्हणा. त्याची सुरक्षित पद्धत नाही. बाहेर खूण नसली तरी आत इजा असू शकते. नंतर आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली, मधलं काही आठवेनासं झालं, तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय असो की अंबरनाथचं छाया, त्याच दिवशी जायचं आणि ‘गळा दाबला गेला’ असं स्पष्ट सांगायचं. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हटलंत तर डॉक्टर भलतीकडेच बघत बसतील.

कायद्याचं म्हणाल, तर अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती 2023 च्या भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत येतो. त्याखाली संरक्षण मागता येतं, आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

हे पेपरात कशाला, असं काहींना वाटेलच. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं तेव्हाही वाटलं होतं. वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. प्रश्न तेव्हाही लोकांच्या घरातलेच होते. फक्त ते विचारायला तेव्हा पोस्टकार्ड लागायचं.