तरंगत्या कॅसिनोतील धूर आणि वायुवीजनाची थाप

क्रूझ जहाजांवरील कॅसिनोत धूम्रपानास मुभा असावी का, हा प्रश्न निघाला की एक उत्तर तयारच असते: "आमच्या जहाजावर अत्याधुनिक वायुवीजन यंत्रणा आहे." पुढे कोणी काही विचारत नाही. यंत्रणेचे नाव घेतले की विज्ञानाचे नाव घेतल्यासारखे वाटते, आणि विज्ञानासमोर सामान्य प्रवासी गप्प बसतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. हा दावा आवडीनिवडीचा नाही, नीतीचाही नाही. तो भौतिकीचा दावा आहे, आणि भौतिकीचा दावा गणिताने तपासता येतो. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही तो तपासता येईल.

आधी परिस्थिती. अनेक मोठ्या जहाजांवर आज प्रवाशाच्या खोलीत धूम्रपानास बंदी आहे, भोजनगृहात आहे, पुष्कळ ठिकाणी खोलीच्या बाल्कनीतही आहे. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' या जहाजावर मोठी आग लागली, एक प्रवासी दगावला. बाल्कनीत पडलेले सिगारेटचे थोटूक हेच तिचे संभाव्य कारण ठरले. आग जहाज जाळते, म्हणून तिची दखल घ्यावीच लागते. कॅसिनोतला धूर जहाजाला इजा करत नाही. म्हणून इतरत्र कडक असलेले नियम जुगाराच्या टेबलापाशी येऊन सैल होतात. कारण उघड आहे: सिगारेटसाठी बाहेर गेलेला खेळाडू डाव सोडून जातो, आणि परत येईलच याचा भरवसा नसतो.

आता धुराकडे येऊ. सिगारेटच्या धुरातील बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असतात. ०.३ मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत किती वेगाने खाली बसतो? स्टोक्सच्या नियमाने, लहान कणांसाठी लागणारी दुरुस्ती करून, उत्तर येते सेकंदाला सुमारे ४ मायक्रोमीटर. तीन मीटर उंचीच्या छतापासून गालिच्यापर्यंत पोहोचायला त्याला आठ दिवसांहून अधिक काळ लागेल. म्हणजे धूर 'बसत' नाही. तो हवेबरोबर फिरतो आणि हवेबरोबरच बाहेर जातो. 'धूम्रपान विभाग' आणि 'धूम्रपानमुक्त विभाग' अशी रेषा एकाच दालनात आखली, तर ती रेषा गालिच्यावर राहते. धुराला सोवळे-ओवळे कळत नाही.

मग तो बाहेर किती वेगाने काढता येईल? एक दालन घ्या: २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ३ मीटर उंच. घनफळ ६०० घनमीटर. आत शंभर माणसे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. कॅसिनोत हे प्रमाण अधिक असण्याची शक्यता आहे, पण अतिशयोक्तीचा आरोप नको म्हणून आपण शंभरांत दहाच धरू. प्रत्येकी तासाला दोन सिगारेटी. एक सिगारेट साधारण १० ते १५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडते, आपण १२ घेऊ. म्हणजे तासाला २४० मिलिग्रॅम. दालनातली सगळी हवा तासातून दहा वेळा पूर्णपणे बाहेरच्या हवेने बदलली जाते असेही उदारपणे मानू. तासाला ६,००० घनमीटर हवा. स्थिर स्थितीत जितका धूर निर्माण होतो तितकाच बाहेर जातो, म्हणून भागाकार करा: घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम.

ही फक्त सिगारेटींनी घातलेली भर आहे. बाहेरच्या हवेत जे असेल ते वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाची मर्यादा बरीच सैल, म्हणजे ४०. या दालनात दहा माणसांच्या सिगारेटींनी भारताची संपूर्ण वार्षिक मर्यादा एकट्याने भरून काढली. दिल्लीच्या हिवाळ्यात राहणारा वाचक इथे हसेल, हे मी जाणतो. पण दिल्लीची हवा वाईट आहे हा समुद्रावरची हवा बिघडवण्याचा परवाना कसा होतो?

ही भर ५ मायक्रोग्रॅमवर आणायची, तर हवेचा प्रवाह आठपट हवा: तासाला ४८,००० घनमीटर. दर ४५ सेकंदांनी सगळे दालन रिकामे करून भरायचे. पत्ते उडतील, हा विनोदाचा भाग सोडा. खरी अडचण उष्णतेची आहे. बाहेर ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, आणि आत २४ अंश व ५० टक्के हवी असेल, तर दर किलोग्रॅम हवेमागे सुमारे ३८ किलोज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. त्यातली मोठी वाटणी बाष्पाचे पाणी करण्यात जाते. हिशेब केला तर साडेपाचशे किलोवॅटहून अधिक शीतनक्षमता लागते. घरात बसवतो तशी दीड टनाची शंभराहून अधिक वातानुकूलन यंत्रे, एका दोनशे चौरस मीटरच्या दालनासाठी, आणि तीही फक्त बाहेरची हवा थंड करण्यासाठी! उष्ण कटिबंधातील कोणते जहाज हे करील? म्हणून व्यवहारात आतलीच हवा गाळून पुन्हा आत सोडण्याकडे कल असतो. तसे केले की बाहेरच्या हवेचा वाटा घटतो, आणि वरचा ४०चा आकडा तितकाच वर चढतो.

गाळण्या आहेत ना? आहेत. त्यांचीही एक गंमत पाहा. फार लहान कण इतस्ततः भटकत गाळणीच्या तंतूंवर आदळतात आणि चिकटतात. मोठे कण वळण घेता न आल्याने किंवा वाटेतच घासल्याने अडकतात. या दोहोंच्या मधल्या आकाराचे कण सर्वांत सहज निसटतात, आणि तो आकार येतो ०.३ मायक्रॉनच्या आसपास. उत्तम हेपा गाळणीची परीक्षा याच आकारावर घेतात, कारण ती तिची सर्वांत दुबळी जागा. धुरातले पुष्कळसे कण नेमके याच पट्ट्यात असतात. हेपा तरीही त्यांना अडवील. पण बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, ब्युटाडाईन, कार्बन मोनॉक्साइड हे वायू आहेत, आणि कण अडवणाऱ्या जाळीला त्यांचे अस्तित्वच कळत नाही. वास मारणारे सुगंधी यंत्र बसवले की नाकाची समजूत पटते, फुप्फुसाची पटत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. जेम्स रिपेस या भौतिकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये आल्फ्रेड लाउरी यांच्यासह 'सायन्स' नियतकालिकात बंद जागेतील तंबाखूच्या धुरावर शोधनिबंध लिहिला, आणि पुढे आयुष्यभर हाच विषय लावून धरला. अमेरिकेतील डेलावेअर राज्याने नोव्हेंबर २००२ मध्ये बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी लागू केली. रिपेस यांनी तिथला एक कॅसिनो आणि काही मद्यालये बंदीआधी व बंदीनंतर मोजली. सूक्ष्म कणांचे प्रदूषण सुमारे ९० टक्क्यांनी घटले होते. वायुवीजन तेच, भिंती त्याच, फक्त सिगारेट गेली. त्यांनी कॅरिबियन समुद्रात एका क्रूझ जहाजावरही मोजमाप केले. जहाज २० नॉट वेगाने चालले होते, वर मोकळे आकाश होते, तरी उघड्या डेकवरील धूम्रपानाच्या जागांत कर्करोगकारक द्रव्यांची पातळी धूरविरहित जागांच्या तिप्पट भरली. शिवाय ती जहाजावरील धूम्रपानास मुभा असलेल्या कॅसिनोच्या जवळपास पोहोचणारी होती. भर समुद्रावरचा वारा जे करू शकला नाही, ते छतातला पंखा करील असे सांगणाऱ्याने आपली आकडेवारी दाखवावी.

वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था 'ॲशरे' हिने २००५ मध्येच आपली भूमिका लिहून ठेवली: बंद जागेतील धुरापासूनचा धोका परिणामकारकपणे नाहीसा करण्याचा एकमेव उपाय म्हणजे तिथे धूम्रपान होऊ न देणे. वायुवीजन विकणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच हे म्हटले आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. ॲडव्होकेट-पुढारी मंडळींच्या भाषणांत ज्याचा उल्लेख क्वचित येतो तो निकाल मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवरचा आहे. २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने अशा जागांत धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. पुढे २००३ चा 'कोटपा' कायदा आला. त्यातील सार्वजनिक जागेच्या व्याख्येत करमणुकीची केंद्रेही आहेत आणि सार्वजनिक वाहनेही. तरंगता कॅसिनो यांपैकी कशात बसत नाही? कायद्याने स्वतंत्र धूम्रपानकक्षाची सवलत दिली ती तीनच ठिकाणी: तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ. तिथेही २००८ च्या नियमांनी छतापर्यंत चार भिंती, आपोआप मिटणारे दार आणि आत कमी दाब अशा अटी घातल्या. २०१७ च्या दुरुस्तीने अशा कक्षात कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. पत्ते वाटणे ही सेवा नव्हे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का?

मांडवीच्या पात्रात नांगरलेली कॅसिनो जहाजे तर भर समुद्रातही नाहीत. पणजीच्या किनाऱ्यावरून त्यांचे दिवे दिसतात. परदेशी ध्वजाची सबब तिथे चालत नाही, आणि गोव्याने तर धूम्रपान व थुंकण्यावर बंदी घालणारा स्वतःचा कायदा देशाच्याही आधी, १९९७ मध्ये केला होता. तेव्हा एखाद्याने उपाहारगृहाच्या सवलतीच्या आडून टेबलांसह 'स्मोकिंग झोन' ठेवलाच असेल, तर तो पळवाटेवर उभा आहे, नियमावर नव्हे. धूम्रपानकक्षाची सवलतच काढून टाकण्याचा प्रस्ताव केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२०च्या मसुद्यात होता. तो पुन्हा पटलावर आणावा आणि त्यात जहाजांचा उल्लेख नावाने करावा, ही माझी पहिली मागणी.

"ज्याला धूर सोसत नाही त्याने कॅसिनोत जाऊ नये," हा युक्तिवाद ऐकू येतोच. गिऱ्हाईकाबद्दल तो मला बऱ्यापैकी मान्य आहे. खिसा रिकामा करायला निघालेल्या प्रौढ माणसाची मला फार चिंता नाही. पण टेबलाच्या पलीकडे जो उभा आहे त्याचे काय? खेळाडू दोन तास बसतो, डीलर रोज येतो. वरचे ४० मायक्रोग्रॅम ही दालनाची सरासरी होती. त्याच्यापासून हातभर अंतरावर जळणाऱ्या सिगारेटीचा धूर विरळ होण्याआधीच त्याच्या नाकाशी पोहोचतो. समुद्रावरील नोकरीत तर घरी जाणेही नसते. सागरी कामगार करार, २००६ आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम करून घेऊ देतो, आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. त्याच करारात कामाच्या जागी आरोग्यरक्षणाचे कर्तव्यही आहे. गोव्यात आणि कोकणात अशी अनेक घरे आहेत ज्यांतला कोणी तरी 'तारवटी' म्हणून क्रूझवर गेलेला आहे. त्याने नोकरी निवडली, धूर निवडलेला नाही. आणि नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य म्हणजे काय, हे कर्ज काढून एजंटाला पैसे दिलेल्या मुलाला विचारावे.

धंदा बुडेल, हा शेवटचा बागुलबुवा. मकाव ही जगातील सर्वांत मोठ्या द्यूतनगरींपैकी एक. तिथे जानेवारी २०१९ पासून टेबल नसलेल्या स्वतंत्र कक्षाबाहेर कॅसिनोत धूम्रपान करता येत नाही. मकाव अजून जुगार खेळतोच आहे. धूम्रपान करणाऱ्यालाही माणूस म्हणून जागा हवी, हे मी नाकारत नाही. जहाजाच्या मागच्या टोकाला, वाऱ्याच्या दिशेने, जिथे कोणाला पेला पोहोचवायचा नाही आणि पत्ते वाटायचे नाहीत, अशी एक उघडी जागा ठेवावी.

आणि ज्या कंपनीला अजूनही आपल्या यंत्रणेवर विश्वास आहे, तिच्यासाठी दुसरी मागणी अगदी स्वस्त आहे. लेझर-प्रकीर्णनावर चालणारा सूक्ष्मकण-मापक आज काही हजार रुपयांत मिळतो. तो डीलरच्या छातीच्या उंचीवर, प्रत्येक टेबलापाशी बसवा. शनिवारी रात्री अकरा वाजता त्यावर दिसणारा आकडा प्रवेशद्वारावरच्या फलकावर लावा, पैजेच्या किमान रकमेच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत.