गाडीची खोली

घराला रंग द्यायचा ठरला की हॉलच्या भिंतीसाठी रंगाचे नमुने चार-चार दिवस पाहिले जातात. गॅरेजची पाळी आली की रंगाऱ्याला सांगतात, ‘उरला तर तिकडे मारून टाका.’ मला हे मनापासून खटकतं. सातारा, सांगली, नाशिक, कुठल्याही गावातल्या जुन्या बंगल्यांच्या कॉलनीत चक्कर मारा. गॅरेजमध्ये गाडी असतेच, शिवाय मुलांच्या सायकली, पाण्याचा पंप, गव्हाचं पिंप, गणपतीच्या मखराचं सामान. घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी तिथून जातं. आणि तिथे काय असतं? पापुद्रे सुटलेली शहाबादी फरशी आणि छताला टांगलेला एक पिवळा दिवा.

यातली बरीचशी गॅरेजं प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातली आहेत. ती गाडी दीड मीटरही रुंद नव्हती. आजची क्रेटा १.७९ मीटर आहे. म्हणजे गाडी आत गेली की दोन्ही बाजूंना माणसाला अंग चोरूनच उतरावं लागतं. अशा चिंचोळ्या जागेत, अंधारात, ओल्या फरशीवर सत्तरीतल्या आजींनी पाय टाकायचा. गॅरेजची फरशी हा हौसेचा विषय नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

शहाबादीला मी नावं ठेवणार नाही. गुलबर्ग्याकडून येणाऱ्या या दगडाने महाराष्ट्राची अंगणं आणि ओटे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. पण तो चुनखडीचा, थराथराचा दगड. तेल पितो, आणि बॅटरीतलं ॲसिड सांडलं की जागच्या जागी खाल्ला जातो. एकदा पापुद्रा सुटला की तिथे पाणी साचतं, पाण्यात माती बसते, मातीवर शेवाळ. गाडीची चाकं रोज त्याच दोन पट्ट्यांवरून जातात, म्हणून फरशा खचतात त्याही तिथेच. शंका असेल तर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. खाली माल भरलेला असेल तर आवाज टणक येतो, पोकळ असेल तर बद्द.

हल्ली प्रत्येकजण इपॉक्सीचं नाव घेतो. शोरूमसारखी चकचकीत जमीन कुणाला आवडणार नाही? पण आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत जमिनीखालून ओल वर चढते. बांधताना खाली प्लास्टिकचा कागद कुणी घातलेला नसतो. ओल्या कोब्यावर इपॉक्सी मारली की तिला फोड येतात, आणि मग तापलेल्या टायरला चिकटून ती पट्टीपट्टीने निघते. म्हणून आधी एक साधी परीक्षा करा. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून ते जमिनीवर चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. आतल्या बाजूने दव धरलं किंवा खालचा कोबा काळवंडला, तर इपॉक्सीचा विचार सोडून द्या. नवा कोबा घातला असेल तर त्यालाही आधी २८ दिवस द्यावेच लागतात.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना दोनच गोष्टी पुरतात: चार इंची चांगला घोटलेला कोबा, किंवा खास पार्किंगसाठी मिळणाऱ्या जाड, खरबरीत टाइल्स. हॉलमधल्या उरलेल्या गुळगुळीत टाइल्स गॅरेजात बसवू नका, पावसाळ्यात तिथे कुणाचं तरी हाड मोडेल. आणि काहीही घाला, दाराकडे उतार हवा, दहा फुटांना सव्वा इंच. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याशी छोटा उंचवटा आणि जाळीची मोरी. गवंडी टाइलच्या रंगावर तासभर बोलतो, उताराचं नाव काढत नाही. ते आपणच काढायचं.

रंग मात्र फिकटच निवडा, कारण इथे फरशी आणि उजेड एकमेकांना धरून आहेत. काळ्या कडप्प्यावर पडलेला उजेड परत येत नाही. फिकट राखाडी जमीन आणि पांढऱ्या भिंती असल्या की तोच दिवा गाडीच्या पोटाखालीही पोहोचतो. दिव्याची जागा तर जवळपास सगळेच चुकवतात. छताच्या मधोमध, बरोबर गाडीच्या टपावर. मग बॉनेट उघडलं की तेच उजेड अडवतं, आणि घरी आलेला मेकॅनिक मोबाइलचा टॉर्च दातांत धरून वायर शोधतो, लाल कुठली नि तपकिरी कुठली ते डोळे ताणून बघतो. मधला दिवा काढा. दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत चार फुटी, वीस वॅटची एकेक एलईडी बॅटन लावा. दोन्ही मिळून चाळीस वॅट, म्हणजे चोकवाल्या एका जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी, आणि उजेड कितीतरी जास्त. दाराशी माणूस आला की लागणारा सेन्सरचा एक दिवा ठेवा. हातात पिशव्या असताना बटण चाचपावं लागत नाही.

वायरमन आलाच आहे तर पुढचंही करून घ्या. विजेवरची गाडी आज नसेल, पण येईल. घरच्या साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरला तासन्‌तास चौदा-पंधरा अँपिअर लागतात. दिव्याच्या जुन्या वायरीवर तो भार टाकणं धोक्याचं. चार चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर, तिचं स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा जीव या शेवटच्या वस्तूवर अवलंबून असतो, तिथे काटकसर नको.

काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. पण पाहणी त्याआधीच करा, पाऊस सुरू असताना. एक दिवस गाडी बाहेर उभी करा, सामान हलवा, आणि पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, भिंत किती उंचीपर्यंत ओली होते तिथे खडूने खुणा करून फोटो काढून ठेवा. गवंड्याला आधी ते फोटो दाखवा, टाइल्सचं कॅटलॉग नंतर उघडा.