पाळलेली पोर

सांबऱ्यात, निपाणीत, सीमाभागात कुठंही जा, एक वाक्य ऐकायला मिळतंच. "आम्ही तिला पाळलंय." भाऊ गेला, बहीण वारली, बापानं दुसरं लग्न केलं, की पोर मामाकडं नाहीतर आत्याकडं येते. भांडी घासते, जनावरांना वैरण टाकते, धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. शाळेत नाव असतं, पण परीक्षेच्या तोंडावर घरात नेमकं कुणाचं तरी बाळंतपण निघतं. विचारलं तर उत्तर तयार, "काय कमी हाय हो तिला आमच्यात?"

तिची चौकशी करायला येणारं एक माणूस कमी आहे, बायांनो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानं ते माणूस दिलेलं आहे. कलम ४४ प्रमाणे जिल्ह्याची बालकल्याण समिती हुकूम काढून निराधार मूल एखाद्या कुटुंबात सांभाळायला देते. यात आणि दत्तकात फरक आहे, इथं मुलाचं नाव-आडनाव बदलत नाही. भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची, कुटुंबानं शिक्षण-औषधपाणी बघायचं, सरकारनं दरमहा पैसे द्यायचे (मिशन वात्सल्यखाली महिना ४,००० रुपये), आणि दर महिन्याला त्या घराची तपासणी व्हायची. २०२४ साली केंद्रानं मार्गदर्शक सूचना बदलल्या. आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईलासुद्धा मूल सांभाळायला घेता येतं, आणि पुढं दत्तक घ्यायचं झालं तर पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे ते दोनवर आलं. एकट्या पुरुषाच्या घरी मुलगी देत नाहीत. आपल्यातल्या एकट्या राहणाऱ्या आक्कांनी हे दोनदा वाचावं.

तपासणी म्हटलं की आमच्या घरांची अब्रू दुखावते. "सरकारी माणूस चुलीपर्यंत कशाला?" गॅस एजन्सीचा माणूस शेगडी बघायला आलेला चालतो, पोर बघायला आलेला चालत नाही! बरं, कायद्यानंही नातेवाइकांना मोठी पळवाट ठेवली आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी केली, पण शाळेची वेळ सोडून 'कुटुंबा'ला मदत केलेली चालते. आणि कुटुंबाच्या त्या व्याख्येत मामा, मावशी, काका, आत्या सगळे बसतात. म्हणजे परक्याच्या घरी जो गुन्हा, तो मामाच्या घरी संस्कार.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. "चांगल्या घरात जातंय, द्या" म्हणत तान्ही मुलं हातोहात फिरतात. २०२४ च्या जूनमध्ये बेळगाव पोलिसांनी बाळं विकणारी टोळी पकडली, धागा कित्तूरच्या एका बनावट डॉक्टरापर्यंत गेला. घेणारे सगळेच काही राक्षस नसतात, बरेचसे मूल नसलेले संसारी लोक असतात. पण अनाथ किंवा टाकलेलं मूल प्रक्रिया सोडून दत्तक दिलं-घेतलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आमच्या किती जणींना ठाऊक आहे?

आता सरकारला. एवढा पसरलेला बेळगाव जिल्हा, निपाणीपासून रामदुर्गपर्यंत. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. यांनी दर महिन्याला घरोघर जायचं म्हणे! निपाणीची विडी वळणारी बाई सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर एस्.टी.नं येऊन दिवसाची मजुरी बुडवणार, वर समोर कानडी फॉर्म. पोरीचा जन्मदाखला कागलचा, सांभाळणारी मावशी निपाणीची. पलीकडं महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये, अलीकडं वात्सल्यचे ४,०००, आणि मधल्या पोरीला दोन्हीकडचे कारकून बोट दाखवणार. १९५६ पासून गावांसाठी भांडता, एका पोरीचा कागद कुणी करायचा तेवढं तरी ठरवा. समितीची महिन्यातून एक बैठक निपाणीत घ्या, फॉर्म मराठीतही छापा.

आणि आपण? आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान ही चारही नावं पाठशाळेतल्या लहान पोरीही घडाघडा म्हणतात. आहारदानाला रांग लागते, शास्त्रदानाच्या पाटीवर नाव कोरतात. पंचकल्याणकाच्या बोल्यांचे आकडे मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत. अभयदान मात्र कत्तलखान्यातून सोडवलेल्या बकऱ्यापाशी थांबतं. बकरा सोडवणं पुण्याचंच आहे. पण आपल्याच माडीवर झोपणाऱ्या, रात्री दाराला आतून कडी नसलेल्या भाचीला अभय कोण देणार? दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनं १८९९ पासून शिक्षणाचं काम धरलं, बोर्डिंगं काढली, खेड्यातली पोरं शिकली. त्या जुन्या माणसांनी परक्यांची पोरं आपली मानली. आपण आपलीच पोर मोलकरीण मानतो.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक बस्तीच्या महिला मंडळानं चातुर्मासात एक वही घालावी. आपल्या गल्लीत आईबापाविना कोण राहतं, शाळेत जातं का, कागद झाला का. नसेल तर मंडळातल्या दोघींनी त्या मावशीबरोबर बेळगावला जावं. मूल संकटात दिसलं तर १०९८ फिरवावा, फोन फुकट आहे. आमच्या मंडळात हा विषय मी काढला तेव्हा वहीला कुणाची ना नव्हती. भांडण झालं ते पहिलं नाव कुणाच्या घरचं लिहायचं यावरून, आणि ते अजून मिटलेलं नाही.