आधी मत, मग चषक

१४ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवत दक्षिण आफ्रिकेने कसोटीचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. कर्णधार टेंबा बवुमा हा केपटाऊनच्या लांगा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जन्मलेला. अशा विजयानंतर ‘खेळाने देश जोडला’ असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

या देशाला वर्णभेदाबद्दल खेळाने आधी जाब विचारला. केपटाऊनचाच बेसिल डॉलिव्हिएरा वर्णामुळे मायदेशाकडून खेळू शकत नव्हता, म्हणून इंग्लंडकडून खेळू लागला. १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्याची निवड होताच पंतप्रधान फॉर्स्टर यांनी तो संघ स्वीकारायला नकार दिला आणि दौरा रद्द झाला. १९७० मध्ये ऑलिम्पिक चळवळीतूनही हकालपट्टी झाली. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. भारताने न खेळता चषक सोडून दिला. संघातील अमृतराज बंधूंना अंतिम फेरीची संधी पुन्हा मिळायला १९८७ उजाडले. तत्त्वाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, ती अशी.

फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला सुटले आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ बंदी उठल्यावर ईडन गार्डन्सवर उतरला. १७ मार्च १९९२ रोजी, क्रिकेट विश्वचषक सुरू असतानाच, केवळ गोऱ्या मतदारांनी वर्णभेद संपवणाऱ्या सुधारणांवर कौल दिला. दोन तृतीयांशांहून अधिक मते बाजूने पडली. ‘नाही’ म्हटले तर जग पुन्हा वाळीत टाकेल, ही धास्तीही त्या कौलामागे होती. २७ एप्रिल १९९४ रोजी सर्वांना मताचा समान हक्क मिळाला आणि त्यानंतर, २४ जून १९९५ रोजी, मंडेला रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला कर्णधाराची सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घालून एलिस पार्कवर आले. वर्णवर्चस्वाची खूण ठरलेली ती जर्सी त्यांनी अंगावर घेतली, हे धाडसच होते. पण त्या विजेत्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स.

१९९८ मध्ये मखाया एन्टिनी देशाचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी कसोटीपटू झाला. संघात आपण एकटे पडत होतो, म्हणून बॅग बसचालकाकडे देऊन मैदानापर्यंत धावत जायचो, हे त्याने २०२० मध्ये सांगितले. कायदा बदलला, तरी बसमधली शेजारची जागा रिकामीच राहिली. झ्वीडे वस्तीतला सिया कोलिसी २०१९ आणि २०२३ मध्ये रग्बीचा विश्वविजेता कर्णधार ठरला, पण त्याची वाट एका नामवंत शाळेच्या शिष्यवृत्तीतून गेली. ती न मिळालेल्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच.

सन्मानाचे क्षण खेळ देतो आणि त्यांचे मोल मोठे आहे. मात्र समान संधी मतपेटीतून, कायद्यातून आणि सरकारी तिजोरीतून यावी लागते. वस्तीतल्या साध्या शाळेला मैदान आणि प्रशिक्षक मिळाले, तर पुढचा कर्णधार शिष्यवृत्तीच्या नशिबावर अवलंबून राहणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्यांनी आता हे काम हाती घ्यावे.