नोंदीतले पहिलेपण

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या कन्येमुळे भारतातील पहिल्या 'टेस्ट ट्यूब बेबी'चे श्रेय डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या नावे रुजू झाले, आणि आम्ही मुंबईकरांनी ते अभिमानाने मिरवले. परंतु १९९७ मध्ये कलकत्त्यास गेले असता एका दिवंगत वैद्याची टिपणे याच आनंद कुमारांच्या हाती आली, आणि ती बारकाईने तपासून त्यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा मान आपला नव्हे, त्या वैद्याचा, असे स्वतःच्या लेखणीने जाहीर केले.

ते वैद्य म्हणजे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. जगातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' असलेल्या इंग्लंडातील लुईस ब्राउनच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, नवरात्राच्या तोंडावर त्यांच्या प्रयत्नांनी एक बालिका जन्मली, आणि तिचे नाव अर्थातच दुर्गा पडले. इंग्लंडातील संशोधकांनी निसर्गक्रमाने पक्व झालेले एकच स्त्रीबीज दुर्बिणीच्या साह्याने पोटातून काढले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरके देऊन अनेक बीजे पक्व करविली, ती योनिमार्गाने मिळविली, आणि सिद्ध झालेला गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवून, औषधांचा अंमल ओसरलेल्या पुढील ऋतुचक्रात त्याचे रोपण केले. गोठविलेल्या गर्भापासून ऑस्ट्रेलियात मूल जन्मले ते १९८४ साली, एवढे सांगितले म्हणजे या माणसाची झेप ध्यानी यावी.

पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षस्थानी एका रेडिओभौतिकीतज्ज्ञास बसविले. समितीने संशय घेतला, याबद्दल माझी तक्रार नाही. सविस्तर प्रबंध प्रसिद्ध झालेला नसताना पुरावा मागणे हे शास्त्राचे कर्तव्यच होय. पण मानवी गर्भ प्रयोगशाळेत ज्याने कधी हाताळला नाही अशाने, मला निर्णय करता येत नाही, एवढे म्हणण्याऐवजी सारा दावाच खोटा ठरवावा, आणि जपानातील जाणत्या मंडळींसमोर आपले काम मांडण्याची संधी आली असता सरकारने जाण्याची परवानगीच नाकारावी, हा संशय नव्हे, हा दफ्तरी अहंकार. शेवटी जून १९८१ मध्ये बदलीचा हुकूम निघाला तो नेत्ररोगाच्या संस्थेत! जन्मभर संप्रेरकांवर काम केलेल्या माणसास! १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

आनंद कुमारांच्या त्या लेखानंतर परळच्या जन्मास 'शास्त्रीय दृष्ट्या नोंदलेला पहिला' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कलकत्त्यातील नोंद कोणी होऊ दिली नाही, हे मात्र त्या विशेषणात कोठे येत नाही.