चित्ताची शांती आणि पोटाची चिंता

मनाच्या आरोग्याविषयी दोन सोप्या समजुती रूढ आहेत. पोटाचा प्रश्न सुटला की मनाचा प्रश्न आपोआप सुटेल, ही एक. ती पुरोगामी चळवळीत दीर्घकाळ मुरलेली आहे. माणसाने मन आवरले की परिस्थिती सुसह्य होईल, ही दुसरी. तिचा प्रसार सध्या जोरात आहे. या दोन्ही समजुती संशोधनाच्या कसोटीवर अपुऱ्या ठरतात.

शहापूर तालुक्यातील कसाऱ्याहून घाट चढला की इगतपुरी येते. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना भारतात आणली आणि १९७६ साली तेथे धम्मगिरी उभी राहिली. पुढे तीन वर्षांनी, १९७९ साली, जॉन कबात-झिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध साधनेतील सजगता धर्मापासून वेगळी काढून तिचा परिणाम मोजण्याचा हा प्रयत्न होता. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र पुढील संशोधनाने त्याच्या मर्यादाही दाखविल्या. पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीत, २०१५ साली, सजगतेवर आधारित उपचार नेहमीच्या औषधांपेक्षा सरस ठरला नाही. दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे होते. तेथीलच ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या प्रयोगात, २०२२ साली, शाळांच्या नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे ही साधना काही रुग्णांना उपकारक आहे. सर्व दुःखांवरील उतारा नव्हे.

सजगता म्हणजे अखेर अवधान. अवधान हेही एक साधन आहे आणि इतर साधनांप्रमाणे त्याचेही वाटप विषम आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची बौद्धिक चाचणी सुगीपूर्वी आणि सुगीनंतर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. हातात पैसा नसताना त्याच शेतकऱ्यांची कामगिरी खालावलेली आढळली. माणूस तोच, बुद्धी तीच. चिंतेने अवधान व्यापले होते.

हा निष्कर्ष शहापूर-मुरबाडला लावून पाहावा. पावसाळा संपला की येथील कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, तरी उचलीचा हिशेब फिटता फिटत नाही. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईची तहान भागविते; त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या बाईचे लक्ष हंड्यावर, मुकादमाच्या वहीवर आणि तापाने फणफणलेल्या लेकरावर वाटले गेले आहे, तिला वर्तमान क्षणी चित्त एकाग्र करण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर विनामूल्य असते, हे खरेच प्रशंसनीय आहे. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्यास दहा दिवसांची बुडालेली मजुरी हीच त्याची किंमत असते.

याचा अर्थ गरिबाला मन नाही, किंवा त्याने क्रांतीपर्यंत थांबावे, असा मात्र नव्हे. दारिद्र्यातून नैराश्य येते आणि नैराश्याने काम सुटून दारिद्र्य वाढते. हे चक्र दोन्ही टोकांकडून तोडावे लागते. तसे ते तोडता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांच्या साहाय्याने एक प्रकल्प राबविला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. त्यासाठी संगमरवरी सभागृह लागले नाही. घरी येऊन ऐकून घेणारे माणूस आणि त्याच्या पाठीशी डॉक्टर एवढे पुरले.

मानसिक आरोग्यसेवा हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासून कागदावर आहे. तेव्हा या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी दोन कामे एकत्र हाती घ्यावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशन आणि औषधे नियमित मिळतात का, याचा जाब विचारावा. रुग्णाला भगताकडे किंवा थेट ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेण्यावाचून गत्यंतर नाही, ही अवस्था संपली पाहिजे. त्याच निवेदनात गावातच काम, वेळेवर मजुरी आणि पाड्यावर पाणी या मागण्याही असाव्यात. त्या मानसिक आरोग्याच्या बाहेरच्या नाहीत. ज्याला ध्यान करावयाचे त्याने अवश्य करावे. परंतु शांत बसण्याची सवड हीसुद्धा संपत्तीच आहे आणि तिच्या न्याय्य वाटपासाठी झगडणे हे समाजवाद्यांचे काम आहे.